एक्सटर्नल कोण?

मेडिकल कॉलेजात प्रॅक्टिकल जवळ आली की वॉर्डात, मेसमध्ये, हॉस्टेलच्या गच्चीवर एकच प्रश्न फिरत असतो. तो हृदयाच्या झडपांचा नसतो, काविळीच्या कारणांचाही नसतो. प्रश्न असतो, एक्सटर्नल कोण?

नाव कळलं की निम्मी तयारी झाली. गेल्या वर्षी सर ज्या कॉलेजात गेले होते तिथल्या कुणा सीनियरचा नंबर शोधून काढला जातो आणि तासाभरात सरांची कुंडली ग्रुपवर पडते. सर चिल आहेत. सरांना लिव्हर आवडतं, त्यांच्यासमोर किडनीचा विषय काढू नका. मॅडम रिफ्लेक्स करून दाखवायला लावतात, हॅमर स्वतःचा न्या, शेजारच्याचा मागून आणलेला दिसला की खवळतात. टाय लावा. टाय मुळीच लावू नका, मागच्या वेळी टायवाल्यालाच आडवा घेतला होता. नंबर जेवणाआधी लागला तर नशीब. जेवणानंतर लागला तर सर डोळे मिटून ऐकतात, म्हणजे त्याहून थोर नशीब.

पोरं अभ्यास सोडून नसते उद्योग करतात, असं कुणाला वाटेल. तसं नाही. वैद्यकीय शिक्षणातल्या संशोधकांना जे सिद्ध करायला किचकट आकडेमोड करावी लागली, ते हॉस्टेलला पिढ्यानपिढ्या पाठ आहे. निकाल लागल्यावर तिथे कुणी ‘किती मिळाले’ असं आधी विचारत नाही. आधी विचारतात, ‘कुणाच्या टेबलावर गेला होतास?’

ब्रिटनमध्ये फिजिशियन व्हायचं तर एमआरसीपीची ‘पेसेस’ नावाची क्लिनिकल परीक्षा पार करावी लागते. आपल्याकडचेही बरेच डॉक्टर तिला बसतात. तिथे एका स्टेशनावर दोन परीक्षक असतात आणि दोघांनी एकमेकांशी सल्लामसलत न करता आपापले गुण मांडायचे असतात. इतका बंदोबस्त करूनही काय होतं, ते ख्रिस मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तपासून छापलं. गुणांमधल्या पद्धतशीर फरकापैकी सुमारे ८७ टक्के फरक उमेदवाराच्या कुवतीमुळे पडत होता आणि सुमारे १२ टक्के परीक्षक कडक की मवाळ यामुळे. कडकांना तिकडे ससाणे म्हणतात, मवाळांना कबुतरं.

बारा टक्के म्हणजे फार नाही, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. ते बारा टक्के दोघांनी वेगवेगळे गुण देण्याच्या शिस्तीतले आहेत. आपल्याकडे इंटर्नल आणि एक्सटर्नल एकाच टेबलाशी खुर्चीला खुर्ची लावून बसतात. ‘काय म्हणता, बारा?’ ‘अकरा करा हो, गप्पच होता.’ ‘बरं, साडेअकरा.’ पोरगा अजून पडद्याच्या बाहेर गेलेला नसतो. या साडेअकरात त्याचे किती आणि सरांचे किती, हे सांगायला मॅकमॅनस यांनाही अवघड जाईल.

एक्सटर्नल ही कल्पना मुळात उत्तम. घरच्या मास्तरांचा जीव विद्यार्थ्यांत अडकलेला किंवा त्यांच्यावर दात असलेला, म्हणून तटस्थ माणूस बाहेरून बोलवायचा. पण बाहेरून आलेला माणूस आपल्याकडे पाहुणा होतो. त्याला स्टेशनावर आणायला ज्युनियर रेसिडेंट जातो. त्याच्या चहात साखर किती, हे आदल्या रात्रीच विचारून ठेवलेलं असतं. दुपारच्या जेवणात इथली खासियत हवीच, आणि गावाजवळ देवस्थान असेल तर दर्शनाची सोयही. शिवाय पुढच्या महिन्यात हेच यजमान पाहुण्यांच्या कॉलेजात पाहुणे म्हणून जायचे असतात. अशा घरोब्यात कुणाच्या घरचा मुलगा नापास करायचा म्हणजे शिष्टाचाराचाच भंग. आणि एकदा का परतीच्या गाडीची वेळ जवळ आली, की शेवटच्या रोल नंबरांचं भवितव्य विद्यापीठाच्या हातातून मध्य रेल्वेच्या हातात जातं. सकाळी एकेकाला वीस मिनिटं उभं केलेलं असतं, दुपारी वीस मिनिटांत पाच जण उरकतात. गुण मात्र सकाळच्या आणि दुपारच्या पोरांना एकाच तक्त्यात.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. खरी गंमत लाँग केसमध्ये आहे.

लाँग केस म्हणजे क्लिनिकल परीक्षेतला मानाचा गणपती. विद्यार्थ्याला एक पेशंट देतात. पाऊण तास त्याने पेशंटशी बोलायचं, हिस्टरी घ्यायची, तपासायचं, निदान बांधायचं. मग परीक्षक येतात आणि म्हणतात, ‘हं, प्रेझेंट.’ आता बघा. डॉक्टरकीचं जे काही आहे ते त्या पाऊण तासात घडून गेलं. पोराने पेशंटला नाव विचारलं की थेट सदरा वर करायला सांगितलं, हात चोळून गरम केला की गारच पोटाला लावला, बाई बोलता बोलता रडायला लागल्या तेव्हा हा थांबला की पुढचा प्रश्न विचारला, यातलं काहीही परीक्षकांनी पाहिलेलं नाही. ते तेव्हा एच.ओ.डीं.च्या केबिनमध्ये पोहे खात होते. ते मार्क देतात ते नंतरच्या भाषणाला. एखादी खूण करून दाखवायला लावतात, तेवढीच काय ती कृती.

पाऊण तास सगळं पाहिलेला माणूस वॉर्डात एकच असतो. तो कॉटवर पडलेला असतो आणि त्याच्याकडे मार्कशीट नसते.

या माणसाबद्दल थोडं लिहायला हवं, कारण अख्ख्या परीक्षेत सगळ्यात अनुभवी तोच. सरकारी कॉलेजांतले काही पेशंट परीक्षांचे मानकरी असतात. वर्षानुवर्षं त्यांना बोलावणं जातं. झडप अरुंद झालेल्या एखाद्या मावशी असतात. विद्यार्थिनी थरथरत्या हाताने स्टेथोस्कोप कानाला लावते, आणि तिने काही सांगायच्या आत मावशी आपणहून डाव्या कुशीवर वळतात. श्वास सोडतात आणि धरून ठेवतात. मायट्रल स्टेनोसिसची घरघर ऐकायची ती तशीच, डाव्या कुशीवर, श्वास सोडून. जिने थोडाफार अभ्यास केलाय तिला निदान तिथेच मिळालं. जिने केला नाही तिच्याकडे मावशी जरा वेळ बघतात, मग हळूच म्हणतात, ‘ताई, त्ये मोठं गोल नगं, दुसऱ्या बाजूचं बारकं लावा.’ पलीकडच्या कॉटवरचे काका रोखठोक असतात. पन्नासची नोट उशीखाली गेल्याशिवाय त्यांची प्लीहा सापडत नाही.

मावशींना विचारा, या दहा पोरांतल्या कुणाकडे तुम्ही तुमच्या लेकीला पाठवाल? अर्ध्या मिनिटात उत्तर मिळेल. पण त्यांना कोण विचारतो? त्यांना परीक्षा संपल्यावर बिस्किटाचा पुडा मिळतो.

बरं, परीक्षकांनी पोहे सोडून पाहिलं असतं, तर दिसलं असतं का? याचाही शोध घेऊन झालाय. १९९२ साली अमेरिकेत एका अभ्यासात वैद्यकशास्त्राच्या अध्यापकांना रेसिडेंट डॉक्टर पेशंट तपासतोय अशा चित्रफिती दाखवल्या. चुका मुद्दाम पेरलेल्या. नंतर कोरा कागद देऊन विचारलं, काय चांगलं, काय चुकलं? अध्यापकांना जेमतेम तिसरा हिस्सा सांगता आला. दुसऱ्या गटाला कोऱ्या कागदाऐवजी रकाने पाडलेला फॉर्म दिला, तर नोंदी जवळपास दुपटीने वाढल्या. वा! पण शेवटी एकूण कसा वाटला, असं विचारल्यावर रकानेवाल्यांचा निवाडा बिनरकानेवाल्यांपेक्षा काही अचूक निघाला नाही. चुका दिसल्या, टिपल्या, आणि तरी ‘ठीक आहे, बरा आहे’ असा शेरा. आपल्याकडे पंचनामा असाच होतो, म्हणून मला हे वाचून परकं वाटलं नाही.

आता प्रश्न असा, की जे पाहिलंच नाही त्याला गुण द्यायचे कशावरून? रिकामी जागा माणूस कशाने तरी भरतोच. आपल्याकडे ती बहुतेक वेळा इंग्रजीने भरली जाते.

नंदुरबारकडचा एक मुलगा घ्या. त्याने पेशंट बाबांशी अहिराणीत गप्पा मारत हिस्टरी काढलेली असते. बाबांनी आधीच्या तीन डॉक्टरांना न सांगितलेलं त्याला सांगितलं. दारू किती, कधीपासून, औषध मध्येच का सोडलं, रक्ताची उलटी झाली तेव्हा घरच्यांनी आधी भगताकडे का नेलं. हे सगळं काढून घेणं हीच खरी विद्या. मग सर येतात आणि हे सगळं त्याला इंग्रजीत मांडायचं असतं. पहिल्या वाक्यातला काळ चुकतो, दुसऱ्यात तो स्वतःच अडखळतो, तिसऱ्या वाक्याला सर खिडकीबाहेर बघायला लागतात. शेजारच्या कॉटवरची मुलगी मुंबईच्या शाळेतली. तिला तिच्या पेशंटचं निम्मं बोलणं कळलेलंच नाही, अधलं-मधलं तिने वॉर्डातल्या मामांकडून भाषांतर करून घेतलंय. पण ती सुरू झाली की आकाशवाणी लागल्यासारखं वाटतं. ‘कॉन्फिडन्ट आहे,’ सर म्हणतात. आणि कॉन्फिडन्ट असली की तिची प्लीहाही बरोबर, तिचं यकृतही बरोबर, तिचा स्वभावही गोड.

या रोगाचं निदान १९२० साली झालेलं आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लष्करातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले. देहयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, असे वेगवेगळे रकाने होते. पण एका रकान्यात जो चढा तो सगळ्याच रकान्यांत चढा निघे. शरीराने ताठ तो बुद्धीनेही तल्लख. अधिकाऱ्यांना माणसाचे वेगवेगळे गुण वेगवेगळे पाहताच येत नव्हते, एकूण छाप पडायची आणि तीच सगळ्या रकान्यांत उतरायची. शंभर वर्षं उलटून गेली. औषधं बदलली, यंत्रं बदलली, हा रोग तसाच आहे, आणि तो ज्यांना होतो ते स्वतः डॉक्टर आहेत.

छाप फक्त इंग्रजीची पडते असं नाही. व्हायवाच्या टेबलावर पहिला प्रश्न बऱ्याचदा वैद्यकशास्त्राचा नसतो. ‘नाव काय? पूर्ण सांगा. आडनाव? मूळचे कुठले? वडील काय करतात?’ पोराला मोकळं वाटावं म्हणून विचारतो, असं सर सांगतात. सर मनाने खरंच चांगले असतील. पण समोर रोल नंबर लिहिलेला कागद असताना आडनावाने नेमकं कोणाला मोकळं वाटतं? दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात होते. २००७ सालच्या त्या अहवालात बोलते झालेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं, की प्रॅक्टिकल आणि व्हायवात आम्हाला न्याय मिळत नाही. लेखी पेपरवर नाव नसतं म्हणून तिथे निदान हस्ताक्षराशीच लढायचं. व्हायवात तोंड, आडनाव आणि बाप तिघांनाही सोबत घेऊन जावं लागतं.

नंबर कुणाच्या मागे लागतो, हीसुद्धा एक ग्रहदशा आहे. २०१२ साली पीटर यीट्स आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग ‘जामा’ या नियतकालिकात आला. इंग्लंड-वेल्समधल्या अनुभवी डॉक्टरांना नवशिक्या डॉक्टरांच्या चित्रफिती दाखवून गुण मागितले. अर्ध्यांना आधी चांगल्या दाखवल्या, अर्ध्यांना आधी सुमार, आणि मग दोघांनाही त्याच मध्यम दर्जाच्या चित्रफिती. ज्यांनी आधी चांगलं पाहिलं होतं त्यांनी मध्यमाला खाली ओढलं, ज्यांनी सुमार पाहिलं होतं त्यांनी त्यालाच वर चढवलं. थोडक्यात, तुमच्या आधी गोल्ड मेडलवाली गेली असेल तर तुमचं मरण. आपले रोल नंबर पुष्कळ ठिकाणी आडनावाच्या अक्षरांवर ठरतात. म्हणजे जन्म कुठल्या घरात झाला याचा हिशेब इथेही चुकत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की सगळा दोष ससाण्यांचा. माझं उलट मत आहे. आपल्याकडे ससाणे दुर्मीळ आहेत, सुळसुळाट कबुतरांचा आहे.

दिवसभर ससाण्यासारखं वागणारे सर संध्याकाळी गुणांची बेरीज करताना पाहावेत. ‘हा तीन मार्कांनी जातोय.’ ‘जाऊ दे हो, पोराचं वर्ष कशाला घालवता?’ ‘बापाने जमीन विकून शिकवलंय.’ ‘सहा महिन्यांनी परत आपल्याच माथी येणार.’ ‘करा पासिंगला.’ आणि होतो तो पासिंगला. कॅनडातल्या नॅन्सी डुडेक आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तिकडच्या शिक्षकांना विचारलं होतं, की कच्चा विद्यार्थी दिसत असूनही तुम्ही त्याला नापास का करत नाही? उत्तरं आली: लेखी नोंदी ठेवलेल्या नसतात, काय लिहावं ते कळत नाही, विद्यार्थी अपिलात जाईल अशी धास्ती असते, आणि नापास करून पुढे त्याला सुधारायची व्यवस्था कुठे आहे? चारही कारणं आपल्याकडे तशीच्या तशी लागू पडतात, फक्त आपण त्यांना मिळून माणुसकी म्हणतो. या माणुसकीचा खर्च मात्र त्या खोलीतल्या कुणाच्याच खिशातून जात नाही. तो जातो पुढे कधीतरी एखाद्या तालुक्याच्या गावी, पोट दुखतंय म्हणून या पासिंगवाल्यासमोर बसलेल्या माणसाच्या अंगावरून. त्याच्या बापाने जमीन विकली होती की नव्हती, याची चौकशी कुणी केलेली नसते.

आता उपाय. उपाय पुष्कळ आले आणि आपण प्रत्येक उपायाची मोडतोड करून त्याला घरचं करून घेतलं.

१९७५ साली स्कॉटलंडच्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी ऑस्की ही पद्धत मांडली. एका लांबलचक परीक्षेऐवजी छोटी छोटी स्टेशनं, प्रत्येक स्टेशनावर ठरलेलं काम, वेगळा परीक्षक, हातात तपासयादी, आणि घंटा. सगळ्यांना सारखंच काम, म्हणजे नशिबाचा भाग कमी. डोकं चांगलंच लढवलेलं. आपल्याकडे ऑस्कीची घंटा तेवढी हुबेहूब आली. तपासयादीत ‘स्वतःची ओळख करून देतो’ याला अर्धा गुण असतो. म्हणून पोरगा आत शिरताच छताकडे बघत ‘नमस्कार मी अमुक अमुक मी आपल्याला तपासणार आहे आपली परवानगी आहे का’ एवढं एका दमात म्हणतो आणि उत्तर यायच्या आत पोटाला हात घालतो. परवानगी मागितली, अर्धा गुण. मिळाली का, हे यादीत नाही. हात धुवायच्या ठिकाणी नळाला पाणी नसेल तर ‘सर, मी हात धुतले असं समजा’ म्हणायचं. सर समजतात. तसं ते समजूतदारच असतात.

मग २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात कौशल्यं मोजायची, प्रत्येक कौशल्य अमुक वेळा केलं की शिक्षकाने पाहून सही करायची, त्यासाठी लॉगबुक. शिक्षकाने पाहून, हे दोन शब्द फार मोलाचे आहेत, आणि नेमके तेच गळाले. टर्म संपायला दोन दिवस उरले की लेक्चरर सरांच्या टेबलावर लॉगबुकांची चळत लागते. सर फोनवर बोलता बोलता सह्या करत जातात. गेल्या सहा महिन्यांतल्या निरनिराळ्या तारखांच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच कलाने. एखादा भाबडा विद्यार्थी म्हणतो, ‘सर, हे मी अजून केलं नाहीये.’ सर वर बघतात. ‘मग करून घे ना.’ सही झालेली असते.

परीक्षा अगदी आखीव-रेखीव केली म्हणजे माणसाच्या नजरेतला कल निघून जातो, अशीही एक गोड समजूत आहे. तिला ब्रिटनमध्ये आपल्याच माणसांनी कोर्टात खेचलं. तिथे जीपी व्हायला एक क्लिनिकल कौशल्यांची परीक्षा होती. पेशंटच्या भूमिकेत नट, दहा-दहा मिनिटांच्या १३ भेटी, प्रत्येक भेटीला नवा परीक्षक. याहून आखीव काय असणार? पण अनीझ इस्माइल आणि ख्रिस रॉबर्ट्स यांनी निकाल तपासले, ते २०१३ साली ‘बीएमजे’त आले. ब्रिटनमध्येच शिकलेल्या गौरेतर डॉक्टरांची पहिल्या प्रयत्नात नापास होण्याची शक्यता त्यांच्या गोऱ्या सहाध्यायांच्या जवळपास चौपट निघाली. बाहेरून शिकून आलेल्यांची त्याहून कितीतरी जास्त. यंत्राने तपासलेल्या लेखी परीक्षेतले गुण जमेस धरूनही दरी उरतच होती. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना परीक्षा घेणाऱ्या रॉयल कॉलेजविरुद्ध न्यायालयात गेली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायमूर्ती मिटिंग यांनी परीक्षा कायदेशीर ठरवली, दावा फेटाळला, पण नैतिक विजय तुमचा झालाय, असंही संघटनेला सांगितलं. नैतिक विजयाने प्रॅक्टिसचं लायसन मिळत नाही, हा भाग वेगळा.

त्या दरीत परीक्षकांच्या नजरेचा वाटा किती, बोलण्याच्या ढबीचा किती, आणि कामाच्या जागी शिकायला मिळालेल्या-न मिळालेल्या संधीचा किती, यावर तिकडे अजून वाद घालता येतो. पण वाद घालायला त्यांच्याकडे आकडे आहेत. कुणी कुणाला किती गुण दिले हे त्यांनी मोजलं, छापलं आणि त्यावर कोर्टात भांडले. आपल्याकडेही गुण शेवटी संगणकातच जातात. अमुक परीक्षक सरासरी किती देतो, सकाळी किती, गाडीच्या आधी किती, मराठी माध्यमाच्या मुलांना किती, हे काढायला एखाद्या कारकुनाची एक दुपार पुरेल. ती दुपार कुणाला सापडत नाही. विद्यार्थ्याची टक्केवारी नोटीसबोर्डावर लागते. परीक्षकाची सरासरी काढली तर तो त्याचा अपमान.

खरं तर इलाज महागडाही नाही. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि मंडळींनी १९९५ साली मिनी-सेक्स ही पद्धत मांडली (नावावर आपले विद्यार्थी हसून घेतात, हसू द्या). शिक्षकाने खऱ्या पेशंटजवळ पंधरा-वीस मिनिटं उभं राहायचं, विद्यार्थी काय करतोय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि लगेच त्याच्याशी बोलायचं. एकदा नाही, वर्षभरात पुष्कळदा, आणि दर वेळी दुसऱ्या शिक्षकाने. एका सरांचा राग, दुसऱ्या मॅडमची माया, तिसऱ्याचं लिव्हरवरचं प्रेम, सगळं एकमेकांत मुरून बरंचसं फिकं पडतं. यंत्र लागत नाही, घंटाही लागत नाही. लागतात ते उभे राहणारे पाय. ओपीडीत तीनशे पेशंट, निम्मी पदं रिकामी, त्यात हे कुठून करणार, असं शिक्षक विचारतात आणि त्यांचं खोटं नाही. पण जे पाहायला सवड नव्हती त्याला गुण द्यायला सवड कशी मिळते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

परवा एका ज्येष्ठ प्राध्यापकांशी गप्पा चालल्या होत्या. पंचवीसेक वर्षं परीक्षा घेतलेला माणूस. मी म्हटलं, बाकी सगळं राहू द्या, लाँग केसच्या शंभरातले निदान दहा गुण त्या कॉटवरच्या मावशींच्या हातात द्या. दोनच प्रश्न विचारा. दुखवलं का? आणि तुम्हाला काय झालंय ते या पोरीने तुम्हाला समजेल असं सांगितलं का?

प्राध्यापक दचकलेच. ‘छे छे,’ ते म्हणाले, ‘पेशंटच्या हातात मार्क देऊन कसं चालेल? ते लोक चेहरा बघून देतील. कोण गोड बोललं, कोण आपल्याकडचं, यावर देतील. ऑब्जेक्टिव्ह नसतात हो ते.’